बुधवारचं पत्र

रोज सकाळी सव्वानऊला दुकानाचं शटर वर गेलं की उद्धवराव आधी हात धुवायचे. साबणाने, कोपरापर्यंत, घाई न करता. मग जुन्या धोतराच्या तुकड्याने कोरडे करायचे आणि स्टुलावर बसून दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवायचे. पंधरा मिनिटं तसेच. शेजारच्या गाळ्यातल्या कामगारांना वाटायचं, म्हातारा जप करतोय. प्रत्यक्षात ते हात निवायची वाट पाहत असत. गरम हात लागला की पोलाद वाढतं. डोळ्यांना दिसत नाही इतकंच, पण वाढतं. आणि उद्धवरावांचा चाळीस वर्षांचा संसार त्या न दिसणाऱ्यावर उभा होता.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एका मोठ्या गाळ्याच्या पुढच्या अंगाला दहा बाय बाराची खोली, तेच त्यांचं दुकान. मायक्रोमीटर, डायल, व्हर्नियर अशी मोजायची हत्यारं तिथे दुरुस्तीला येत. मायक्रोमीटर हातातून पडला की त्याचं शून्य सरकतं, आणि मग तो दिवसभर गोड बोलून खोटं सांगत राहतो. उद्धवराव त्याचं शून्य पुन्हा जागेवर आणून देत. सोबत एक चिठ्ठी: तारीख, हत्याराचा नंबर, खाली सही. त्या सहीवर बाजूच्या सेक्टरांतल्या शे-दोनशे वर्कशॉपांचा विश्वास होता. "उद्धवरावांनी लावलंय" म्हटलं की पुढे कोणी विचारत नसे.

केज तालुक्यातून ते एकोणिसाव्या वर्षी इकडे आले होते. एका कंपनीच्या टूलरूममध्ये बावीस वर्षं काढली. कंपनी बंद झाली, तेव्हा सायकलला लाकडी पेटी बांधून त्यांनी गल्लोगल्ली फिरायला सुरुवात केली. दर आठवड्याला तीच दारं. "आहे का काही?" एवढंच विचारायचं. नसलं तर चहा घ्यायचा, एखाद्या पोराला मायक्रोमीटर कसा धरायचा ते दाखवायचं आणि पुढच्या दाराला जायचं. पुढे गुडघे गेले, सायकल सुटली, आणि त्याच सुमाराला मोठ्या प्रयोगशाळांच्या गाड्या दारोदार येऊन हत्यारं नेऊ लागल्या. लोक उद्धवरावांवर रुसले नव्हते. त्यांना विसरले होते.

हे वर्षालीच्या लक्षात आलं. वर्षाली त्यांची एकुलती मुलगी. चिंचवडच्या एका कंपनीत ती यंत्रांच्या सुट्या भागांच्या वेबसाइटचं काम बघायची. आई गेल्यावर ती नोकरी सोडून दुकानात बसू लागली, ती आधी वडिलांना सोबत म्हणून आणि नंतर काम आवडलं म्हणून. तिने दुकानाची वेबसाइट केली. फोटो, पत्ता, कोणकोणती हत्यारं दुरुस्त होतात, सगळं नीट मांडलं. आठवड्याला चार वेळा ती उघडली जाई. त्यातल्या तीन वेळा वर्षाली स्वतःच असायची.

"दुकान मांडलंस, पण रस्त्यावरनं कोणी जाईना," उद्धवराव म्हणाले.

"म्हणून आपण जायचं, अप्पा. ईमेलनं. दर आठवड्याला एक छोटं पत्र. ज्यांची परवानगी आहे त्यांनाच."

"त्यात लिहायचं काय? आहे का काही?"

"तुम्ही सायकलवर जायचात तेव्हा काय सांगायचात?"

उद्धवरावांनी गुडघा चोळला. मग म्हणाले, "म्हणजे राउंडच की. फक्त पाय लागायचे नाहीत."

तेव्हापासून ते पत्राला राउंडच म्हणत. वर्षाली कधी न्यूजलेटर म्हणाली तर त्यांना ते आवडत नसे. हत्यार घ्यायला आलेल्या प्रत्येकाला ते स्वतः विचारत, "पत्र पाठवू का? नको असलं तर तसं सांगा." होय म्हणणाऱ्याचा पत्ता वर्षाली वहीत आणि मग संगणकावर उतरवून घेई. पहिलं पत्र सतरा जणांना गेलं. तिने ते सोमवारी सकाळी पाठवलं, कारण नोकरीतली सवय तशी होती. दोघांनी उघडलं.

"सोमवारी माणूस कुठल्या तंद्रीत असतोय?" उद्धवराव म्हणाले. "आपल्याकडं सुट्टी गुरुवारची. बुधवारी दुपारी चारला सगळी मशीन पुसायला घेतेत. हातात चहा असतोय, मालक खूश असतोय. मी बुधवारीच जायचो."

पत्राचा वार बुधवार ठरला आणि वेळ चारची. सतरातल्या चौदा जणांनी उघडलं.

ते सांगायचे आणि वर्षाली लिहायची. पत्र दहा-बारा ओळींचं. डायलच्या दांडीला तेल लावू नका, तेल धूळ धरतं. मशीनवर उन्हात पडलेला मायक्रोमीटर सावलीत आणून लगेच कामाला लावू नका. कुणाला जास्त वाचायचं असेल तर खाली वेबसाइटचा दुवा असे, आणि तिथे तीच गोष्ट फोटोंसकट सविस्तर. शेवटची ओळ कायम ठरलेली: काही अडलं तर याच पत्राला उत्तर लिहा. आणि लोक लिहायचे. कोणी डायलचा फोटो पाठवून विचारायचा, काटा का अडकतो. कोणी आपलं पत्र दुसऱ्याला पाठवायचा, आणि तो दुसरा चाकणहून, तळेगावहून, एकदा तर कोल्हापूरहून लिहायचा, मलाही पाठवत जा. तीन वर्षांत सतराचे चारशे बारा झाले. मध्यंतरी एका सोशल मीडियावरचं दुकानाचं पान कोणीतरी बळकावलं. दोन हजार ओळखी एका सकाळीत नाहीशा झाल्या. वर्षाली दिवसभर बेचैन होती.

"ती दुसऱ्याच्या भिंतीवर लावलेली पाटी होती," उद्धवराव म्हणाले. "वही कुठाय?"

वही आपल्याकडे होती. चारशे बारा पत्ते जसेच्या तसे. त्या बुधवारी चारला पत्र गेलं आणि कोणाला काही कळलंही नाही.

त्या वर्षी ऑगस्टात उद्धवरावांना जिना चढताना धाप लागू लागली. डॉक्टरांनी हृदय कमजोर असल्याचं सांगितलं, आणि किती दिवस याचं उत्तर द्यायचं टाळलं. घरी आल्यावर ते वर्षालीला म्हणाले, "दुकान तुझंच आहे. पण दुकान म्हणजे ही खोली नव्हं. खोली भाड्याची आहे. माणसं माझ्या शून्यावर डोळे झाकून चालतेत, ते तुझ्या हातात द्यायचंय मला. तेवढं झालं की मी मोकळा."

त्यानंतर त्यांनी तिला शिकवायचा वेग वाढवला. ती शून्य लावायची, ते बाजूला बसून बघायचे, आणि चिठ्ठीवर दोघांच्या सह्या होऊ लागल्या.

दसऱ्याच्या आधी चार दिवस ते दवाखान्यात होते. खंडेनवमीची हत्यारांची पूजा वर्षालीने एकटीने केली. पाटावर फडकं अंथरलं, पाने, पेचकस, चिमटे ओळीने मांडले. शेवटी मास्टरची डबी ठेवली. मास्टर म्हणजे पोलादाचे आरशासारखे गुळगुळीत ठोकळे. त्यांचं माप पक्कं, आणि त्यांच्यावरून बाकीच्या हत्यारांची मापं लावायची. उद्धवराव दर वर्षी डबी बंद ठेवून झाकणालाच हळदकुंकू लावत. असं का, हे वर्षालीने कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी तिला वाटलं, ज्याच्यावर सगळं चालतं त्यालाच झाकून कशी पूजा करायची? तिने डबी उघडली. मधल्या पंचवीस मिलिमीटरच्या ठोकळ्याला ओल्या हळदीचं बोट लावलं, वर कुंकू, त्यावर झेंडूची पाकळी. वडील घरी यावेत म्हणून हात जोडले. मग दवाखान्यातून फोन आला, सोडणार आहेत म्हणून, आणि ती तशीच निघाली. दोन दिवसांनी दुकान उघडलं तेव्हा तिने ठोकळा पुसून ठेवला. एक बारीक पिवळट ठिपका राहिला होता. हळदीचा डाग, जाईल हळूहळू, असं तिला वाटलं.

दिवाळी होऊन गेली. नोव्हेंबर सरत आला असताना एका सोमवारी गणराज आला. गणराज भोसरीच्याच जुन्या घरातला, वडिलांच्या शेताच्या जागी ग्राइंडिंगचं वर्कशॉप चालवायचा, चाकणच्या एका कंपनीला पिना पुरवायचा.

"काका, एक बारकं काम हाय," तो म्हणाला. "बत्तीस मिलिमीटरच्या पिना हायेत. माझ्याकडं बरोबर भरत्यात, चाकणला पाच मायक्रॉन जाड निघत्यात. त्यांचंच काय तरी चुकत असंल. तुमी एकदा बघा म्हंजी मला त्यांच्याशी भांडता येईल."

पाच मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीचे चौदा-पंधरा भाग केले तर त्यातला एक. उद्धवरावांनी गणराजचा मायक्रोमीटर घेतला, मास्टरची डबी उघडली. पंचवीसचा ठोकळा काढून दहाच्या ठोकळ्यावर सरकवून दाबला. चांगले ठोकळे असे दाबले की गोंद लावल्यासारखे एकमेकांना धरून राहतात. हे धरेनात. सुटून वेगळे झाले. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ पाहिलं. गंजाचा एक कण, कडेने किंचित वर आलेला, भोवती पुसट पिवळा डाग.

"हळद," ते म्हणाले.

वर्षाली भिंगापाशी आली. "मी लावली होती. खंडेनवमीला."

"बरं," उद्धवराव म्हणाले. एवढंच.

गणराज कधी त्यांच्याकडे तर कधी तिच्याकडे बघत होता. "म्हंजी मला भांडता येणार न्हाई," तो शेवटी म्हणाला.

"तू त्यांची माफी माग. माझं नाव सांग," उद्धवराव म्हणाले.

त्या दिवशी दोघांनी कामाची वही काढली. शून्य ते पंचवीस मिलिमीटर मोजणारे मायक्रोमीटर जबडा मिटून लावतात, त्यांना मास्टरचा संबंध नव्हता. पंचवीस ते पन्नासचे मात्र त्याच ठोकळ्यावर लागले होते. दसऱ्यापासून आजपर्यंत त्रेसष्ट. प्रत्येक पाच मायक्रॉन खोटा, आणि प्रत्येकाबरोबर दोन सह्यांची चिठ्ठी.

मंगळवारी सकाळी वर्षाली म्हणाली, "मी फोन करते सगळ्यांना. एकेकाला नीट समजावून सांगते. बोभाटा न होता होईल."

"त्रेसष्ट जणांना?"

"हो."

"आणि ते आज त्यांच्याकडंच असतील का? भोसरीत मायक्रोमीटर उसना फिरतोय, वर्षाली. याचा त्याच्याकडं, त्याचा मेव्हण्याकडं. गणराजकडं जो होता तो तरी त्याचा होता का विचार. ज्याच्या हातात आज आहे त्याला कळायला पाहिजे. आपल्याला माहीत नाही तो कोण, म्हणून सगळ्यांनाच सांगायचं."

"म्हणजे पत्रात?"

"उद्या बुधवारच आहे."

ती उठून दारात जाऊन उभी राहिली. समोरून रिक्षा, टेम्पो, पाळी सुटलेल्या माणसांच्या मोटारसायकली जात होत्या. "अप्पा, चारशे बारा लोकांना आपणच सांगायचं, की आमच्या शून्यावर विश्वास ठेवू नका? तीन वर्षं एकेक माणूस जोडलाय. एका दुपारी जाईल सगळं. तुम्हाला हेच माझ्या हातात द्यायचं होतं ना? मग द्यायला उरेल काय?"

उद्धवराव स्टुलावर सरळ बसले. धाप आवरायला त्यांना वेळ लागायचा. "सायकलवर असतो तर मला सगळी दारं हिंडायला महिना लागला असता," ते म्हणाले. "तेवढ्या महिन्यात माणसांनी किती पिना फेकल्या असत्या. तुझ्यामुळं मला एका दुपारी जाता येतंय. ते चांगल्या गोष्टी सांगायलाच असतंय व्हय?"

बुधवारी दुपारी ते सांगत गेले आणि ती लिहीत गेली.

"दसऱ्यापासून या सोमवारपर्यंत आमच्याकडून पंचवीस ते पन्नासचा मायक्रोमीटर लावून घेतला असेल, तर तो पाच मायक्रॉन कमी दाखवतो. म्हणजे तुमच्या मशीनवरचा जॉब तेवढा जाड राहतो. आमचा मास्टर ठोकळा गंजला होता आणि आम्ही तो न तपासता वापरला. चूक दुकानाची आहे. मायक्रोमीटर वापरणं थांबवा. उसना दिला असेल तर ज्याला दिला त्याला सांगा. नवा मास्टर तपासून आला की विनामोबदला पुन्हा लावून देऊ."

"चूक माझी आहे," वर्षाली म्हणाली. "तसं लिहिते."

"दुकानाची लिही. वाचणाऱ्याला दुकान माहीत आहे. तू का मी, हे त्याला काय करायचंय? आणि खाली दोघांची नावं घाल, चिठ्ठीवर होती तशी."

तिने नावं घातली. पडद्यावर वर कोपऱ्यात चारशे बारा हा आकडा होता. तिचं बोट बटणावर थांबलं होतं.

"चार वाजले," उद्धवराव म्हणाले.

तिने पत्र पाठवलं.

पंधरा मिनिटांत पहिलं उत्तर आलं: आता कळलं आमचा माल का परत येत होता, पुन्हा पत्र पाठवू नका. संध्याकाळपर्यंत एकोणीस जण यादीतून गेले. वर्षाली आकडा उतरताना पाहत होती. तीनशे पंच्याण्णव, चौऱ्याण्णव, त्र्याण्णव. तो तिथे थांबला. बाकीच्यांनी काही लिहिलं नाही. त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ तिला लागेना, आणि गुरुवारची सुट्टी तिने घरात भिंतीकडे बघत काढली.

शुक्रवारी शटर वर गेलं तेव्हा बाहेर सात जण उभे होते. गणराज सगळ्यांत पुढे, हातात तीन डब्या.

"ह्यो माझा, सोमवारी परत न्हेलेला," तो म्हणाला. "ह्यो मेव्हण्याचा. आणि ह्यो कुणाचा ते मेव्हण्याला बी म्हाईत न्हाई. पण तुमची चिठ्ठी हाय आत."

"चाकणला काय म्हणाले?" वर्षालीने विचारलं.

"काय म्हणत्यात. तुमचं पत्र दाखवलं फोनवर. तिथली माल तपासणारी बाई म्हणली, ह्याच्यापुढं आता भांडायचं काय. सगळ्या पिना पुन्हा घासतोय, ताई. हात भरून आल्यात. पण भांडण टळलं."

मागचा एक जण म्हणाला, "आमच्या पोराला आता कळलं, मायक्रोमीटर उसना देऊ नये ते."

"त्याला न्हाई कळायचं," गणराज म्हणाला. "त्यो तुझाच पोरगा हाय."

उद्धवरावांच्या चेहऱ्यावरचा ताण पाच दिवसांत पहिल्यांदा सैल झाला.

नवा ठोकळा त्यांनी त्याच प्रयोगशाळेत तपासायला पाठवला जिच्या गाड्यांनी त्यांचं गिऱ्हाईक नेलं होतं. महिनाभरात त्रेसष्टमधले एकोणसाठ परत आले, आणि त्या त्रेसष्टांत नसलेले, जुन्या तारखेचे आणखी अकरा, कारण पत्र वाचून लोकांना आपापल्या शून्याची शंका आली होती. सगळे वर्षालीने लावले. उद्धवराव आता नुसते बघत. एक मोठं गिऱ्हाईक मात्र कायमचं गेलं, आणि त्याची जागा कोणी भरली नाही. गेलेल्या एकोणिसांतले तिघे परत येऊन म्हणाले, पुन्हा पाठवत जा.

जानेवारीत चाकणहून विजयश्री नावाच्या बाईंचा मेल आला. गणराजच्या पिना नाकारणाऱ्या त्याच. त्यांनी लिहिलं होतं की ते पत्र त्यांनी विभागाच्या फळ्यावर लावलंय. त्यांच्याकडे स्वतःची प्रयोगशाळा आहे, तरी बारा जुनी डायल दुरुस्तीला पाठवायची आहेत. चुकलं तर ज्यांच्याकडून कळेल, त्यांच्याकडेच द्यायची.

उद्धवरावांनी तो मेल दोनदा वाचायला लावला. मग एक कोरी चिठ्ठी वर्षालीपुढे सरकवली आणि सहीच्या जागी बोट ठेवलं. त्या दिवसापासून चिठ्ठीवर तिची एकटीची सही होऊ लागली.

फेब्रुवारी सरता सरता, ऊन तापायला लागलं तेव्हा, एका मंगळवारी दुपारी ते घरी जेवायला गेले, जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी चारला वर्षालीने दोन ओळींचं पत्र पाठवलं. उत्तरं येत राहिली. कितीतरी जणांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. कोल्हापूरच्या माणसाने लिहिलं, दर बुधवारी कोणीतरी दारात येऊन जातंय असं वाटायचं. अनेकांनी एकच गोष्ट विचारली: शेवटी काही बोलले का?

वर्षालीला सांगण्यासारखं काही नव्हतं. त्या मंगळवारी ते एक वाजता स्टुलावरून उठले, चप्पल घातली, दाराच्या चौकटीला धरून धाप खाली बसू दिली. तिच्या कपाळावर घाम होता, तो त्यांनी पाहिला असावा, कारण जाता जाता वळून म्हणाले:

"पंखा लावू नकोस आत्ता. त्या चाकणच्या बाईंचं डायल उघडं आहे, बारकी स्प्रिंग उडून जाईल."